गळ्यापासून गुडघ्यापर्यंत

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत माझा फोटो छापलेला आहे. त्यात मी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत आहे. डोकं नाही, पाय नाहीत. मोरपंखी साडी आहे, एका हातात पर्स आहे, दुसरा हात लाकडी खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला आहे. खाली जन्मतारीख, शिक्षण, उंची, वर्ण, मामाचं गाव, सगळं बिनचूक छापलेलं आहे. आठवलं की आजही माझं डोकं तापतं. तापायला ते निदान धडावर आहे, एवढंच.

हे मी कुणाला सांगायला गेले की लोक हसतात. बायका तर जास्तच हसतात. मुंडकंच नाही? अगं बाई, मुंडकंच नाही? हसा. त्यात हसण्यासारखं आहे हे मलाही कळतं. पण आधी पूर्ण ऐकून घ्या आणि मग हसू येतं का ते बघा.

आम्ही देऊळघाटचे. बाबा भाजीपाला करतात, वांगी, टमाटे, मेथी. मी शिकले, आणि चिखलीला एका दुकानात लागले. फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्या, मोटारी असं ते दुकान. हिशोब बघायला ठेवलं होतं मला, पण मालकाच्या मनात आलं की आता सगळा माल इंटरनेटवर दिसला पाहिजे. मग काय, मी आणि माझा मोबाइल. दुकानाच्या मागं पांढरी चादर बांधायची, तिच्यासमोर पंप ठेवायचा, फोटो काढायचा. पंप झाला की नळी, नळी झाली की नोझल. फोटो निघायचे चांगले, पण जड. पान उघडायला गिऱ्हाइकाच्या फोनला इतका वेळ लागायचा की तोवर तो दुसऱ्या दुकानातून पंप घेऊन घरी जाईल. म्हणून प्रत्येक फोटोची एक बारीक नक्कल करायची, अंगठ्याच्या नखाएवढी. तिला थंबनेल म्हणतात. गिऱ्हाईक ती नखाएवढी चौकट बघतं, आवडली तर बोट लावतं, आणि मग मोठा फोटो उघडतो.

एकेक फोटो बारीक करत बसले असते तर म्हातारी झाले असते. त्यासाठी मी इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. साफ फुकट. कुणीतरी कुठंतरी बसून बनवलं आणि लोकांना देऊन टाकलं. अख्खं फोल्डर त्यात ओतायचं, माप सांगायचं, बटण दाबायचं, आणि चहाचा घोट घेईपर्यंत सगळे फोटो एका मापाचे होऊन बाहेर. पहिल्यांदा केलं तेव्हा मी हरखूनच गेले. मग मालकानं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, ही कोणती बादली आहे? बादली नव्हती ती. उभा पंप होता. वरचं झाकण आणि खालची बैठक कापली गेली होती, मधलं पोट तेवढं उरलं होतं.

तेव्हा मला त्यातली मेख कळली. चौकट चौकोनी, आणि वस्तू उभी. मग सॉफ्टवेअर तुम्हाला विचारतं की काय करू. एक पर्याय असा, की अख्खी वस्तू आत मावेपर्यंत लहान करायची आणि दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडायची. दुसरा असा, की चौकट काठोकाठ भरायची आणि जे वरखाली उरेल ते उडवायचं. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते उडवतं. त्याला काय माहीत झाकण कुठलं आणि पोट कुठलं. पुढं मी कधीही सांगायला विसरले नाही.

आता माझ्याबद्दल. माझ्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग आहे. लहान असताना उकळत्या वरणाचं पातेलं अंगावर आलं. कानापासून हनुवटीपर्यंत कातडी सुरकुतलेली आहे, रंग वेगळा आहे, आणि थंडीत ती ओढल्यासारखी होते. दुखत नाही. मी रोज आरशात बघते, मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते बघायला येणाऱ्यांना.

ते कसं असतं ते सांगते. मधला माणूस स्थळ आणतो. तो डागाचं बोलत नाही, कारण बोलला तर स्थळ येणार नाही. आई बोलत नाही. बाबा तर अशा वेळी पिकाशिवाय कशावरच बोलत नाहीत. पाहुणे येतात, बसतात. मी पोह्यांचा ट्रे घेऊन जाते. मुलाची नजर आधी ट्रेवर, मग माझ्यावर, मग गालावर, आणि तिथून सरळ त्याच्या आईकडे. ती नजर मी इतक्यांदा पाहिली आहे की ती कधी फिरणार हे मला आधीच कळायचं. मग एकदम कपाशीचा भाव निघतो. पोहे छान झालेत म्हणतात. निघताना कळवतो म्हणतात. नंतर मधल्या माणसाकडून निरोप येतो की पत्रिका जमत नाही. पत्रिका! अरे, पत्रिका बघूनच आला होतात ना?

नाकारलं याचा मला एवढा राग नव्हता. कुणाला कोण आवडावं ही ज्याची त्याची गोष्ट. पण माझ्याच घरी येऊन, माझेच पोहे खाऊन, माझ्या तोंडासमोर दचकायचं, आणि ते मी ट्रे धरून हसऱ्या चेहऱ्यानं बघायचं? दर पाहुण्यागणिक आईचे डोळे सुजायचे. म्हणून आमच्या समाजाच्या मंडळाचा परिचय मेळावा ठरला तेव्हा मी घरात एकच अट घातली. फोटोत डाग स्पष्ट दिसला पाहिजे. ज्याला चालत नसेल त्यानं घरी बसूनच नको म्हणावं. माझ्या दारात यायचंच नाही. बाबांनी मान डोलावली. आई गप्प राहिली, ते मी हो धरलं.

मंडळाच्या पत्रकात लिहिलं होतं, मुलांनी पासपोर्ट फोटो द्यावा आणि मुलींनी पूर्ण उंचीचा उभा फोटो द्यावा. आमच्यात अशीच रीत आहे. मुलाचं तोंड बघायचं आणि मुलीला डोक्यापासून पायापर्यंत बघायचं. काऊन? मी विचारलं. बाबा म्हणाले, उंची दिसली पाहिजे, बांधा दिसला पाहिजे. मुलाचा बांधा कोण बघणार? त्यावर बाबांनी टमाट्यांना पाणी द्यायला जायचंय म्हणून सांगितलं.

चिखलीच्या स्टुडिओत गेलो, मी आणि आई. मागं धबधब्याचा पडदा, बाजूला कोरीव लाकडी खुर्ची, आणि हातात धरायला स्टुडिओचीच एक पर्स. आईनं स्वतःच्या उंच टाचेच्या चपला माझ्या पायात घातल्या. फोटोग्राफर सांगत होता, हात इथं ठेवा, खांदा सोडा, चप्पल दिसू द्या. मी सरळ त्याच्या भिंगात बघितलं. फोटो काढून झाल्यावर त्यानं आम्हाला संगणकापाशी बोलावलं आणि मोठ्या कौतुकानं दाखवलं. माझा गाल लोण्यासारखा गुळगुळीत. डाग गायब. याचे वेगळे पैसे घेणार नाही म्हणाला.

मी म्हटलं, परत लावा. त्याला वाटलं मी थट्टा करते. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि हळूच म्हणाली, ऱ्हाऊ दे ना व. मी म्हटलं, ठीक आहे, मग लग्न या गालाचं लावून द्या, मी घरी राहते. फोटोग्राफरनं तोंड पाडून मूळ फोटो काढला आणि तोच छापून दिला.

आणि खरं सांगू का, तो फोटो फार छान होता. त्याला कला होती. डाग होता तिथं होता, डोळे होते तिथं होते, आणि मी कुणाचीही परवानगी न मागता उभी होते. त्या फोटोत मी मला आवडले. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी तो फोनवर कितीदा उघडून बघितला असेल, सांगायलाही लाज वाटते.

मंडळाचे सचिव म्हणजे चिखलीतले लोखंडी सामानाचे दुकानदार. खिळे, पत्रे, बिजागऱ्या. आम्ही त्यांना काका म्हणतो. एके दिवशी ते आमच्या दुकानात आले. छापखान्यानं त्यांना सांगितलं होतं की सगळे फोटो एका मापाच्या चौकोनात बारीक करून द्या, नाहीतर त्याचे वेगळे पैसे पडतील. कुणीतरी त्यांना सांगितलं की या पोरीकडं फोटो बारीक करायचं फुकटचं काही आहे. मी म्हटलं, काका, द्या माझ्याकडं, मीच करून देते, दुपारच्या सुट्टीत होऊन जाईल. तर ते म्हणाले, नको, तुझा स्वतःचा बायोडाटा त्यात आहे, ज्या मुलीचं स्थळ बघायचंय तिनंच पुस्तिका करत बसावं हे बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील?

बरं दिसत नाही! ठीक. मी सॉफ्टवेअर त्यांच्या पेनड्राइव्हवर टाकून दिलं. पडद्यावर दोन्ही पर्याय दाखवले. पंपाची बादली कशी झाली ते सांगितलं. मुलींचे फोटो उभे आहेत, म्हणून हाच पर्याय घ्या, बाजूला पांढरं राहू द्या, असं बोट ठेवून सांगितलं. ते हो हो म्हणाले. फुकटचंच आहे ना, असं मात्र पुन्हा पुन्हा विचारलं.

मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालयात दारातच पुस्तिकांचा गठ्ठा होता. गुळगुळीत कव्हर, वर गणपती. आई, बाबा आणि मी मुलींच्या बाजूला जाऊन बसलो. मी पुस्तिका उघडली. आधी मुलं. प्रत्येक चौकटीत एक तोंड, भांग पाडलेला, गंध लावलेलं, काही हसरे, काही रागावलेले. सगळे व्यवस्थित. मग मुलींची पानं लागली.

मला आधी कळेचना. साड्या दिसत होत्या. हिरवी, जांभळी, गुलाबी, काठाची, बिनकाठाची. पर्सा दिसत होत्या. तीच कोरीव खुर्ची कितीतरी चौकटींत दिसत होती. डोकी नव्हती. एकीचंही नव्हतं. एखादीची हनुवटी तेवढी उरली होती, आणि तेच जास्त वाईट दिसत होतं. पानामागून पान. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत.

मी आजूबाजूला बघितलं. मला वाटलं आता गदारोळ होणार. कुणीतरी उठून पुस्तिका भिरकावणार. काही झालं नाही हो. माझ्या पुढच्या रांगेत एक आई बोट फिरवत फिरवत आपली मुलगी शोधत होती. सापडली तेव्हा नवऱ्याला म्हणाली की ही बघा आपली, जांभळी साडी. नवऱ्यानं बघितलं, मान हलवली, आणि पुढचं पान उलटलं. ती मुलगी शेजारीच बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि स्टेजकडं बघत राहिली. सगळा हॉल असा साड्यांवरून आपापल्या मुली ओळखत होता.

मी पुन्हा मागची पानं उलटली. आणि मुलांच्या एका पानावर माझं बोट अडलं. एका चौकटीवर कागद चिकटवलेला होता. बारीक, चौकोनी, त्यावर एका मुलाचं तोंड. मी आईच्या हातातली पुस्तिका घेतली, त्यातही तो कागद. बाबांच्या पुस्तिकेतही. मी नखानं त्याचा कोपरा उचलला. खाली एक सूट होता, टाय होता, कोटाच्या खिशाला गुलाब होता. डोकं नव्हतं. या एका मुलानं हौसेनं उभा फोटो दिला होता, आणि त्याचंही मुंडकं उडालं होतं. आणि ते त्यांना कळलं होतं. पुस्तिका वाटायच्या आधीच कळलं होतं. बसून, खळ लावून, प्रत्येक पुस्तिकेत त्याचं डोकं त्याला परत दिलं होतं.

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात ना, ती मला तिथं कळली. मी उठले. आईनं पदर धरला, तो सोडवला, आणि स्टेजच्या मागं गेले. काका हारांची टोपली घेऊन उभे होते.

काकांनी काही लपवलं नाही, हे त्यांचं मोठेपण म्हणा की काय म्हणा. मी सांगितलेला पर्याय त्यांनी घेऊन बघितला होता. पण दोन्ही बाजूंना पांढरं राहिल्यामुळं मुली बारीक दिसत होत्या आणि चौकट भरल्यासारखी वाटत नव्हती. मुलांच्या चौकटी कशा काठोकाठ भरलेल्या. म्हणून कार्यकारिणीनं ठरवलं की दुसरा पर्याय घ्या. मुलांच्या फोल्डरवर आधी चालवून बघितला, झकास आला. मग मुलींच्या फोल्डरवर चालवला आणि न बघता छापखान्यात देऊन टाकला. छापून आल्यावर दिसलं.

मी विचारलं, मग त्या मुलावर कागद चिकटवला, तसा मुलींवर का नाही?

काका शांतपणे म्हणाले, "त्याच्या बापानं पुस्तिकेच्या कागदाचा खर्च देला हाय व पोरी. तो कसा चूप बसन? अन् पोरीईचं अडलं काय? साडी दिसते, बांधा दिसते, उंची खाली लिहेल हाय. आणखीन काय पाह्यचं असते?"

आणि ते हार घेऊन पाहुण्यांकडे गेले.

तो प्रश्न त्यांनी मला चिडवायला विचारला नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं की आणखी काय बघायचं असतं. मी त्या सॉफ्टवेअरला कधीच दोष दिला नाही. ते बिचारं फुकटचं, आंधळं. त्याला तोंड म्हणजे काय आणि पाय म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नाही, ते वरून आणि खालून सारखंच कापतं. पण ज्यांना आई आहे, बायको आहे, मुली आहेत, ज्यांनी त्यांची तोंडं जन्मभर बघितली आहेत, त्या माणसांनी ही पानं बघितली आणि चालतंय म्हणाले. एका माणसाच्या मुलासाठी खळीची वाटी घेऊन बसले, आणि आमच्यासाठी त्यांना उठायचा कंटाळा आला.

मेळावा झाला. स्टेजवर मुलं बोलली, मुली लाजल्या. मी स्टेजवर गेले नाही. आणि त्यानंतर घरी फोन यायला लागले.

इतके फोन आमच्या घरी कधीच आले नव्हते. बाबांचा फोन शेतात वाजायचा, जेवताना वाजायचा. पुस्तिकेत फोटो पाहिला, मुलगी आवडली, कधी येऊ? बाबांचा आवाजच बदलला. फोन आला की ते उठून उभं राहून बोलायचे. आई शेजारणींना सांगू लागली. मी दोघांना समोर बसवलं आणि म्हटलं, या लोकांनी माझं तोंड बघितलेलं नाही. प्रत्येकाला आधी मूळ फोटो पाठवा. नाहीतर पुन्हा तेच होईल, ट्रे, गाल, कपाशीचा भाव. आपलं ठरलं होतं ना?

आई म्हणाली की एकदा येऊ तर दे, घर बघतील, माणसं बघतील, तुझा स्वभाव बघतील, मग त्याचं काही वाटणार नाही. बाबा उठून टमाट्यांकडं गेले. त्यांनी फोटो पाठवला नाही. त्यांचा फोन त्यांच्या खिशात, आणि त्यातले नंबरही. मी ओरडले, आदळआपट केली, जेवले नाही. आणि वरवट बकालचे पाहुणे यायचं ठरून गेलं.

एवढ्या लांबून, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, जीप करून ते आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी ट्रे घेऊन गेले. ती नजर आली. ट्रे, मी, गाल, आई. मी मनातल्या मनात म्हटलं, आता कपाशी. पण या वेळी कपाशी आली नाही. मुलाच्या आईनं पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि सरळ बाबांना विचारलं.

"पुस्तिकेत तर हे दिसत नोतं. तोंड कापून फोटो छापता काय तुमी? अशी फसवाफसवी?"

बाबांची मान खाली गेली. माझ्या बाबांची. ज्यांनी फसवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. आता तो फरक कुणाला समजावणार? मी ट्रे ठेवला, फळीवरची पुस्तिका काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"मावशी, यात मले तोंडच नोतं," मी म्हटलं. "मंग तुमी पसंत काय केलं?"

मावशी त्या पानाकडं बघत राहिल्या. मामांनी चष्मा लावून बघितलं. मुलानं बघितलं. मला वाटतं त्या तिघांनी ते पान तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी थांबले होते. मला खरंच उत्तर हवं होतं. आजही हवं आहे.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "तू आत जाय."

मी गेले नाही. तिथंच, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले, पाहुणे उठेपर्यंत. मुलाची आई जाताना माझ्याकडं न बघता गेली. पुढं चिखलीत काकांच्या दुकानावरून गावभर झालं की देऊळघाटची ती पोरगी तोंडानं फटकळ आहे. म्हणजे तोंड आहे हे तरी समाजाला कळलं.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या समोर हात पुढं केला आणि म्हटलं, फोन द्या. त्यांनी दिला. ज्यांचे ज्यांचे फोन आले होते त्या सगळ्यांना मी माझा मूळ फोटो पाठवला. साधा पाठवला असता तर व्हॉट्सअॅपनं तोही दाबून बारीक केला असता, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. पूर्ण माप, पूर्ण वजन. धबधबा, खुर्ची, चपला, डाग, सगळं. खाली लिहिलं, ही मी आहे, चालत असेल तरच या.

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाले. पटकन पाणी तोडावं तसे बंद. काहींनी फोटो बघितल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या दिसायच्या. बाबा फोन उलटा सुलटा करून बघायचे, रेंज आहे का बघायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. आई बोलायची, पण फक्त कामापुरतं. मी चिखलीला जात होते, पंपांचे फोटो काढत होते.

मग एकाचा निरोप आला. आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो, मी मेथी निवडत होते. बाबांनी फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, फोटो लय मोठा आहे, उघडत नाही, लहान करून पाठवा.

मी हात पुसून फोन घ्यायला लागले. बाबांनी दिला नाही. त्यांना लिहायला जमत नाही, तिथल्या माइकच्या खुणेवर बोट दाबून ते बोलतात, शेतातून हाक मारावी तसं मोठ्यानं. तसंच बोलले.

"लहान नाई होत भाऊ. पोरगी हाय तेवढीच हाय. पाह्यची असंन तर रेंजमधी जाऊन पाहा."

आई माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं मला बरं वाटेल. मला रागच आला. इतका आला की हातातली मेथीची जुडी चुरगळली. मी बाबांना विचारलं, हे त्या दिवशी बैठकीत काऊन नाही बोलले? मला आत जा म्हणाले, आणि हे त्या बाईला काऊन नाही सांगितलं?

बाबांनी फोन खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

"फोन येऊन राह्यले होते ना व," ते म्हणाले. "मले बी वाटलं, असंच जमून जाते त जमू दे."